दबायला जागा ठेवा

माझा पुतण्या धायरीला राहतो आणि चाकणच्या एमआयडीसीत कामाला जातो. जाऊन-येऊन रोजचे 90 किलोमीटर. दिवाळीत त्याने 2019 ची स्विफ्ट घेतली, आणि परवा त्याचा मेसेज आला: काका, लोअरिंग स्प्रिंगा टाकतोय, तुमचं मत सांगा. खाली कारणंही दिली होती. कंपनी पैसे वाचवायला स्प्रिंग मऊ देते. गाडी 30 मिलिमीटर खाली बसली की रस्त्याला चिकटून चालते. स्प्रिंग प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणून गावात मऊ आणि हायवेला कडक. शॉकअप बदलावे लागत नाहीत, कंपनीच्याच शॉकअपवर बसते.

ही चार वाक्यं त्याची नाहीत. ॲक्सेसरीच्या कुठल्याही दुकानात ती तयार मिळतात, आणि एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना वाटेत कोणी तपासून बघत नाही. मी 22 वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काढली, त्यातली 9 स्प्रिंगच्या लाइनवर. त्यामुळे ‘नको टाकूस’ एवढं लिहून मोकळं होणं मला जमलं नाही. रोज चालवायच्या गाडीसाठी ही चारही वाक्यं चुकीची आहेत. कशी चुकीची आहेत ते त्याला सांगायचं आहे, तसं ती पुढे पाठवणाऱ्या इतरांनाही सांगायचं आहे.

आधी पैशाचं बघू. मऊ स्प्रिंग स्वस्त पडते हे ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याने स्प्रिंग वजनकाट्यावर ठेवून पाहिलेली नाही. तेवढाच कमाल भार पेलायचा असेल तर मऊ स्प्रिंग जास्त अंतर दबते, म्हणजे तिला जास्त ऊर्जा पोटात घ्यावी लागते. स्टीलला ठरावीक ताणापलीकडे न्यायचं नाही असं ठरलं, की एक किलो स्टील ठरावीकच ऊर्जा साठवू शकतं. म्हणून मऊ स्प्रिंगला स्टील जास्त लागतं. सळई जास्त, वेढे जास्त, गाडीखाली जागाही जास्त. ज्याला खरंच चार पैसे वाचवायचे आहेत तो स्प्रिंग कडक आणि आखूड करील. कंपनीने मऊ स्प्रिंग दिली असेल तर त्यासाठी तिने स्टील खर्च केलं आहे, आणि ते कशासाठी केलं हा पुढचा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

गाडी उभी असताना स्प्रिंग आधीच गाडीच्या वजनाने दबलेली असते. तिथून आणखी दबायला जी जागा उरते, ती संपली की चाक बंप स्टॉपला टेकतं. बंप स्टॉप म्हणजे शॉकअपच्या रॉडवर बसवलेला फेसाळ पॉलियुरेथेनचा ठोकळा. त्याला जरासं टेकणं वाईट नाही. आजच्या गाड्यांत तो मदतनीस स्प्रिंगचं काम करतो. पण तो पूर्ण चेपला गेला की पुढे काहीच उरत नाही, आणि खड्ड्याचा मार सरळ बॉडीला बसतो. गाडी विकत घेताना आपण इंजिनचे सीसी विचारतो, बूटचे लिटर विचारतो. ही दबायची जागा कोणी विचारत नाही, आणि आपल्या रस्त्यांवर रोज उपयोगी पडते ती हीच.

आता हिशेब करू. समजा एका गाडीला उभ्या स्थितीपासून बंप स्टॉपपर्यंत 80 मिलिमीटर जागा आहे. 30 मिलिमीटर खाली बसवली की उरली 50. आधी जो खड्डा ही गाडी 80 मिलिमीटरमध्ये जिरवत होती, तोच आता 50 मध्ये जिरवायचा आहे. स्प्रिंग पोटात घेते ती ऊर्जा दबलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 80 भागिले 50 म्हणजे 1.6, त्याचा वर्ग 2.56. म्हणजे तेवढाच मार झेलायला नवी स्प्रिंग अडीचपटीहून जास्त कडक हवी. दुकानात मिळणारी लोअरिंग स्प्रिंग साधारण किती कडक असते? 20 टक्के, 30 टक्के, फार तर 40. अडीचपट कडक केली तर त्या गाडीत कोणी बसणार नाही, आणि हे बनवणाऱ्यालाही माहीत असतं. मग उरलेला मार कुठे जातो? बंप स्टॉपवर, तिथून स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र जोडणीच्या, वरच्या माउंटवर, तिथून बॉडीच्या पत्र्यावर.

म्हणूनच ‘लोअरिंग केल्यावर गाडी कडक झाली’ असं लोक म्हणतात तेव्हा त्यांना स्प्रिंगचा कडकपणा जाणवत नसतो. 30 टक्के कडक स्प्रिंगने गाडीच्या वरखाली होण्याचा ताल सेकंदाला 1.3 वरून दीडच्या जवळ जातो. एवढा फरक सहन न होण्यासारखा नाही, अनेक चांगल्या गाड्या कंपनीतूनच त्या तालाच्या असतात. जाणवतो तो बंप स्टॉप, दर दोन मिनिटांनी. आणि त्याला ‘स्पोर्टी फील’ असं नाव दिलं की तक्रारीचं कौतुक होतं.

30 टक्के कडक स्प्रिंग वाईट असं माझं म्हणणं नाही. उंची तीच ठेवून थोडी कडक स्प्रिंग आणि तिला जुळणारे शॉकअप कोणी बसवले, तर मी त्याला अडवणार नाही. मी भांडतोय ते उंची विकून टाकण्याविरुद्ध.

‘खाली बसली की चिकटते’ हे वाक्य गुरुत्वमध्यावर उभं आहे. गुरुत्वमध्य खाली आला की कलणं कमी होणार, हे शाळेत शिकलेलं असतं, आणि तेवढ्यापुरतं ते खरंही आहे. पण वळणावर बॉडी कलते ती रस्त्याभोवती कलत नाही. सस्पेन्शनच्या दांड्यांच्या कोनांवरून एक काल्पनिक बिंदू ठरतो, रोल सेंटर, आणि बॉडी त्याच्याभोवती कलते. महत्त्व आहे ते गुरुत्वमध्य आणि हा बिंदू यांच्यातल्या अंतराला. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना असतो तसाच. त्यात गाडी खाली आणली की लोअर आर्मचं, म्हणजे खालच्या दांडीचं, चाकाकडचं टोक वर उचललं जातं, आणि रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतं. गुरुत्वमध्य 30 मिलिमीटर खाली आला, पण रोल सेंटर त्याहून जास्त खाली गेलं, म्हणजे दोघांमधलं अंतर वाढलं. बॉडीला कलवणारा तरफेचा हात लांब झाला. तरीही गाडी कमी कलते असं वाटतं, ते नुसतं स्प्रिंग कडक झाली म्हणून. उंची घालवून त्या बाजूने काही मिळालेलं नसतं.

शिवाय पकड म्हणजे काय? टायर रस्त्यावर सारख्या दाबाने टेकलेला राहणं. गुळगुळीत रस्त्यावर कडक गाडी ते चांगलं करते. उखडलेल्या रस्त्यावर कडक स्प्रिंगचं चाक खड्ड्याच्या काठावरून उडतं, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक असतो ना स्टिअरिंग. मातीच्या रॅलीतल्या गाड्या बघा. त्या जिंकायलाच उतरलेल्या असतात, त्यांच्या मागे इंजिनिअरांची फौज असते, आणि त्या उंच उभ्या असतात, चाकांना भरपूर वरखाली व्हायला जागा ठेवून. डांबरी रॅलीला त्याच गाड्या खाली आणतात. म्हणजे रस्ता बघून उंची ठरते. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीचे प्रमुख पिएर-ज्यूल बूलांजे यांनी 2सीव्ही गाडीसाठी अट घातली होती, की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न फुटता गेली पाहिजे. ती गाडी 1948 मध्ये पॅरिसला लोकांसमोर आली. अतिशय मऊ स्प्रिंगा, चाकांना प्रचंड चाल. वळणावर ती भीती वाटावी इतकी कलायची, आणि टायर मात्र जमीन सोडायचे नाहीत. आपला पुतण्या भोसरी ते चाकण जो रस्ता रोज तुडवतो तो नांगरलेल्या शेताला जवळचा की जर्मन ऑटोबानला, हे त्याने सांगावं.

जर्मनीचं नाव काढलं कारण बऱ्याच चांगल्या लोअरिंग स्प्रिंगा तिथून येतात. आयबाख ही 1951 पासूनची स्प्रिंग बनवणारी कंपनी, तिच्या मालाबद्दल मला आदर आहे. पण तिथे अशा स्प्रिंगेसोबत तपासणी संस्थेचा कागद येतो, आणि त्यावर पुढच्या आणि मागच्या एक्सलवर जास्तीत जास्त किती किलो भार चालेल ते लिहिलेलं असतं. त्या भाराबाहेरच्या गाडीला ती स्प्रिंग लावता येत नाही. आपल्याकडे दुकानदार मॉडेलचं नाव विचारतो आणि डबा काढून देतो. त्यातच भर म्हणजे, युरोपातल्या गाड्या भारतात आणताना त्यांची उंची अनेकदा मुद्दाम वाढवलेली असते, शॉकअप आणि बंप स्टॉप त्या हिशेबाने बदललेले असतात. ‘30 मिलिमीटर’ हा डब्यावरचा आकडा तिकडच्या उंचीवरून मोजलेला. इकडे बसवल्यावर गाडी 45 खाली गेली तरी डबा खोटं बोलला असं म्हणता येणार नाही.

प्रोग्रेसिव्हचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते ऐकायला फार शहाणं वाटतं. गावात मऊ, हायवेला कडक. स्प्रिंगला वेग कळत नाही. ती किती दबली आहे एवढंच तिला कळतं. ताशी 20 ला मोठ्या खड्ड्यात गेलात तर ती जास्त दबेल आणि कडक होईल. ताशी 100 ला सपाट रस्त्यावर असाल तर ती जागची हलणार नाही आणि मऊच राहील. वेग कळतो तो शॉकअपला, आणि तोही गाडीचा कळत नाही, रॉड आत-बाहेर किती झपाट्याने होतोय त्याचा कळतो. दुकानात प्रोग्रेसिव्ह म्हणून जी स्प्रिंग दाखवतात तिच्या एका टोकाला दोन-तीन वेढे एकमेकांना चिकटून घेतलेले दिसतात. गाडीचं वजन पडलं की त्यातले बरेचदा सगळेच पूर्ण मिटतात आणि पुढे काही काम करत नाहीत. चाक खाली लोंबकळताना आखूड स्प्रिंग बैठक सोडून निसटू नये म्हणून ते वेढे ठेवलेले असतात. चालू रस्त्यावर जे काम करतात ते उरलेले सरळ वेढे, कंपनीच्या स्प्रिंगेसारखेच. खऱ्या अर्थाने टप्प्याटप्प्याने कडक होणाऱ्या स्प्रिंगाही असतात, सळईची जाडी बदलत नेलेल्या. पण त्या उपयोगी पडायला दबायची जागाच लागते. ती कापून टाकल्यावर स्प्रिंग टप्प्याटप्प्याने कडक कुठे होणार?

राहिलं शॉकअपचं. 30 टक्के कडक स्प्रिंग आवरायला शॉकअपचा जोर 14 टक्के वाढायला हवा. तो वाढवला नाही तर त्याच शॉकअपचा लगाम नव्या स्प्रिंगेच्या मानाने 12 टक्के ढिला पडतो. नवा शॉकअप असेल तर हे सहज भागतं, हे मी मान्य करतो. पण सेकंडहँड गाडीचा, 60-70 हजार किलोमीटर झालेला शॉकअप आधीच थकलेला असतो. त्यात आता त्याचा रॉड सदैव 30 मिलिमीटर आत बसून काम करणार, कंपनीने ज्या पट्ट्यात तो चालेल असं धरलं होतं त्याच्या वरच्या भागात, आणि वरून बंप स्टॉपचे ठोके. ‘बसते’ हा शब्द खरा आहे. ती बसते. बसणं आणि चालणं यात फरक आहे.

हडपसरला माझ्या ओळखीचे एक अलाइनमेंटवाले आहेत. मागच्या पावसाळ्यात मी माझी गाडी घेऊन गेलो तेव्हा त्यांच्या रॅम्पवर एक पांढरी हॅचबॅक चढवलेली होती, खाली बसवलेली. बाहेरून बघितलं तर टायर नवे वाटत होते, नक्षी ठसठशीत. ते म्हणाले, ‘साहेब, आतून हात फिरवा.’ मी चाकाच्या आतल्या कडेवरून बोटं फिरवली. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखं. शेवटच्या दोन बोटांच्या रुंदीत नक्षी नव्हतीच, आणि एका ठिकाणी रबराखालच्या तारा बोटाला टोचल्या. त्यांनी मोबाइलचा टॉर्च धरला. तारा चमकत होत्या. 11 हजार किलोमीटर झाले होते त्या टायरला. मग त्यांनी स्ट्रटचं रबरी बूट वर सरकवलं आणि आतून काळ्या चुऱ्याचा ढीग खाली पडला. तो बंप स्टॉप होता. रॉडवर त्याचं निम्मं कडं उरलं होतं.

टायर असा का खाल्ला जातो ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण दुकानदार म्हणतो ‘अलाइनमेंट करून घ्या, झालं’. गाडी खाली आली की चाक वरच्या बाजूने आत झुकतं, आणि स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बदलून दोन चाकांची समोरची दिशाही फिसकटते. दिशा, म्हणजे टो, अलाइनमेंटवाला सरळ करून देतो. झुकणं, म्हणजे कॅम्बर, बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे बदलायची सोयच नसते, आणि मागे टॉर्शन बीम असेल तर दोन्हीपैकी काहीच बदलता येत नाही. त्यातून सरळ केलेला टो सुद्धा उभ्या गाडीपुरता. दांड्यांचे कोन मूळ जागेवरून सरकलेले असल्याने प्रत्येक खड्ड्यात चाक वर जाताना थोडं वळतं. रोज 90 किलोमीटर ते घासत राहतं. त्या पांढऱ्या गाडीच्या मालकाने अलाइनमेंट दोनदा करून घेतलं होतं.

आता गतिरोधकांचं बोलू, कारण तिथे आकडेच पुरेसे आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसने 1988 च्या आयआरसी-99 मध्ये गतिरोधकाचं माप दिलं होतं: उंची 10 सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर, 17 मीटर त्रिज्येचा कंस, ताशी 25 किलोमीटरने ओलांडण्यासाठी. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2450 मिलिमीटर. असा गतिरोधक पोटाखाली आला की चारही चाकं त्याच्याच पाठीवर असतात, आणि मधला उंचवटा पोटाच्या दिशेने फक्त 44 मिलिमीटर वर येतो. गाडीचं ग्राउंड क्लिअरन्स 163. काही प्रश्न नाही. सगळे गतिरोधक असे असते तर माझा निम्मा लेख कमी झाला असता. पुतण्याच्या सोसायटीसमोरचा मी टेपने मोजला आहे. उंची 12 सेंटिमीटर, रुंदी जेमतेम मीटरभर. तो पोटाखाली येतो तेव्हा चाकं त्याच्या अलीकडे-पलीकडे सपाट रस्त्यावर असतात, म्हणजे पूर्ण 120 मिलिमीटर पोटाखाली. 163 रिकाम्या गाडीचे धरले तरी उरले 43. चौघं बसले की गाडी 30-35 मिलिमीटर दबते. उरले 10. त्यातून पुतण्या 30 काढायला निघाला आहे. गणपतीला गावी जाताना हीच गाडी पाच माणसं आणि पाठीमागे पिशव्या घेऊन कुंभार्ली घाट उतरणार आहे.

इथे माझे दुसरे मित्र खूश होतील, जे गाडी उंच करायच्या बाजूचे आहेत. त्यांनाही मी सोडणार नाही. मागचा भाग बसतो म्हणून स्प्रिंगेच्या वेढ्यांमध्ये रबराचे किंवा प्लॅस्टिकचे जाड बफर अडकवून घेतात. यामागची समजूत जुनी आहे आणि ती कुठून आली ते मला माहीत आहे. ट्रक, टेम्पो, जीप यांना मागे कमानपाटे असतात. माल जास्त भरायचा असला की कमानीच्या गॅरेजला जाऊन एक पाटा वाढवून घ्यायचा, हे आपल्या वडिलांनी पाहिलेलं आहे. प्रीमियर पद्मिनी गाडीलाही मागे पाटेच होते. पाटा वाढला म्हणजे गाडी मजबूत झाली, हे डोक्यात बसलं ते तिथून. पण ट्रकचं भरलेलं वजन रिकाम्याच्या दुप्पट-तिप्पट होतं, तिथे ते तर्काला धरून आहे. स्विफ्ट रिकामी साधारण 900 किलो, आणि पूर्ण भरून सव्वातेराशेच्या घरात. शिवाय पाटा सगळ्या लांबीभर भार वाटून घेतो. बफर एका जागी दोन वेढे जाम करतो. सहा चालते वेढे असतील आणि एक जाम झाला तर स्प्रिंग 20 टक्के कडक होते. दोन झाले तर 50 टक्के. दबायचं सगळं काम मात्र उरलेल्या चार वेढ्यांवर पडतं, बफरच्या कडेशी रंग घासून जातो, तिथे पाणी आणि धूळ साचते. कोकणातल्या हवेत दोन पावसाळ्यांत तिथे गंज धरतो, आणि स्प्रिंग तुटते तेव्हा बहुधा अशाच जागी तुटते. स्प्रिंग कापून गाडी खाली आणणाऱ्यांबद्दल मी वेगळं लिहीत नाही. आम्ही त्या सळईला तापवून, तेलात विझवून, पुन्हा 400 ते 450 अंशांवर टेम्पर करून, वरून लोखंडी गोळ्यांचा मारा करून तयार करायचो, आणि तिला कोणी गॅसकटर लावतं हे बघितलं की मला बोलता येत नाही.

सळई डोळ्याने ओळखता येत नाही, हेही सांगून ठेवतो. स्प्रिंगचा कडकपणा सळईच्या व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. 12 मिलिमीटरची सळई 12.5 ची झाली की स्प्रिंग 18 टक्क्यांनी कडक. अर्धा मिलिमीटर. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन स्प्रिंगांत तुम्हाला तो दिसणार नाही, वर पावडर कोटिंग असल्यावर तर मुळीच नाही. म्हणूनच कंपन्या स्प्रिंगेवर रंगाचे ठिपके देतात. त्याच मॉडेलच्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाडीच्या स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात आणि तो ठिपका त्यांची ओळख असतो. जुनी काढताना त्याचा फोटो घ्या.

मग बदलायचीच असेल तर? आधी बदलायची गरज आहे का ते पाहा. ‘स्प्रिंग मऊ पडली’ असं गॅरेजवाला सांगतो तेव्हा दहात आठ वेळा शॉकअप गेलेला असतो, किंवा लोअर आर्मचे बुश, किंवा स्ट्रटचं वरचं माउंट. गंज खाऊन सळई बारीक झाली नसेल तर वयाने स्प्रिंगचा कडकपणा फारसा बदलत नाही. ती बसते, म्हणजे तिची उंची कमी होते. ती मोजता येते. सपाट जमिनीवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा, चारही बाजूंना. डाव्या-उजव्यात सेंटिमीटरहून जास्त फरक असेल, किंवा त्याच मॉडेलच्या नव्या गाडीपेक्षा तुमची बरीच खाली असेल, तर स्प्रिंग बसली आहे. मग त्याच ठिपक्याची कंपनीची नवी जोडी घ्या, एकटी कधीच नको. बाहेरून सीएनजी बसवलेली असेल तर प्रश्न खरा आहे: 60 लिटरचं लोखंडी सिलिंडर 60 किलोंच्या आसपास असतं आणि ते मागच्या चाकांच्याही मागे बसतं. अशा वेळी त्याच मॉडेलच्या कंपनी-फिटेड सीएनजी गाडीच्या मागच्या स्प्रिंगा मिळतात का ते विचारा. वळणावर कलणं सोसवत नसेल तर डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा जाड अँटी-रोल बार हा उपाय आहे; दोन्ही चाकं एकदम वर जातात तेव्हा तो मध्ये येत नाही आणि उंचीला हात लावत नाही. आणि हे सगळं करूनही वेगळी स्प्रिंग हवीच असेल, तर ज्याच्या कागदावर एक्सलचा भार लिहिला आहे आणि ज्याने जोडीचे शॉकअप आणि बंप स्टॉप सांगितले आहेत त्याचीच घ्या, उंचीत 10-15 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक न करणारी.

कायद्याचं एका परिच्छेदात सांगतो. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या 182-अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. स्प्रिंगेवरून पोलीस रोज कोणाला अडवत नाहीत हे मलाही दिसतं. माझं म्हणणं कायदा नसता तरी हेच असतं.

पुतण्याला मी शब्दांवर विश्वास ठेवायला सांगितलं नाही. रविवारी त्याची गाडी जॅकवर घेतली, पुढच्या स्ट्रटचं बूट वर सरकवलं आणि रॉडवर, शॉकअपच्या तोंडाशी, एक बारीक प्लॅस्टिकची झिप टाय घट्ट बांधली. रॉड आत गेला की शॉकअपचं तोंड त्या टायला वर ढकलतं आणि ती तिथेच राहते. जॅकवर चाक लोंबत असतं, म्हणून गाडी खाली उतरवल्यावर टाय उभ्या स्थितीला आली आणि तिथून मोजणी सुरू झाली. मॅकफर्सनमध्ये चाक जेवढं वर येतं जवळजवळ तेवढाच रॉड आत जातो, म्हणून हे माप सरळ वाचता येतं. पाच दिवस तो नेहमीच्या रस्त्याने चाकणला गेला-आला. एकटाच, मागे कोणी नाही, सामान नाही.

शनिवारी आम्ही बूट पुन्हा वर केलं. उभ्या स्थितीपासून झिप टाय 46 मिलिमीटर वर गेलेली होती. तिच्यात आणि बंप स्टॉपमध्ये उरलेली जागा 9 मिलिमीटर. टेप त्याच्या हातात होता, आकडा त्यानेच वाचला, आणि मग त्याने खाली वाकून तो परत एकदा वाचला.